परगावी असलेल्याच्या वतीनं

८ फेब्रुवारी, शनिवार. लोंढा स्टेशन

गाडी लेट. किती लेट ते कुणी सांगत नाही. पिशव्यांच्या राशीत बसून लिहितेय. अंगणवाडीत होते तेव्हा रोज काहीतरी लिहावंच लागायचं, ती खोड रिटायर झाल्यावरही सुटली नाही.

नेपाळला चाललेय. काठमांडू. परदेशाची राजधानी म्हणे. मी, जी रामनगरच्या पलीकडे दवाखान्यालाही एकटी जात नाही. खानापूरच्या टूरवाल्याकडे भावजींनीच नावं घातली. "वैनी, जन्मात एकदा पशुपतिनाथ बगून येऊ. नको म्हणू नका." या दिरांनी आजवर मला बेळगावचा बाजार कधी दाखवला नाही, आणि आता एकदम परदेश. जाऊबाई लक्ष्मी गप्प गप्प. तिला विचारलं तर म्हणते, "मला काय ठाव, अक्का. ते म्हणतील तसं."

लेट गाडीची वाट बघत बसलं की डोकं नको तिकडे जातं. हे कॅसलरॉकला असेच बसले होते. चहावाल्यानं चहा दिला. "गाडी लेट हाय काय?" एवढंच विचारलं म्हणे. लोंढ्याला उतरणार होते. लोंढ्याला उतरले नाहीत, कुठेच उतरले नाहीत. रुळांच्या दोन्ही बाजूंचं रान शोधलं, ओढे शोधले. छत्रीसुद्धा मिळाली नाही. गेल्या पावसात बारा वर्षं झाली.

११ फेब्रु., मंगळवार. बसमध्ये, गोरखपूरच्या अलीकडे

टूरचा आचारी बरोबर आहे, त्यामुळे भात आमटी चुकत नाही. पाय सुजले.

भावजी खिडकीशी बसून पुटपुटत होते. म्हटलं काय हो? तर म्हणाले, "शिमगा आला की जवळ. गाऱ्हाणं घोळवूलालोय." मला हसू आलं. बारा वर्षं दर शिमग्याला तेच गाऱ्हाणं, त्यात घोळवायचं काय.

पण मग हसू गेलं. आमच्या घराण्यातला थोरला मांडावर, म्हणजे शिमग्याच्या चौकात, उभा राहून ग्रामदेवी सातेरीला गाऱ्हाणं घालतो. थोरले हे. हे नाहीत, पण मेलेही नाहीत, म्हणून भावजी उभे राहतात आणि सुरुवात करतात, "परगावी असलेल्या गणपताच्या वतीनं, मी सोमनाथ." आधी थोरल्याचं नाव, मग स्वतःचं. डोळे मिटून, हात जोडून. गावातल्या पोरांनाही ते पाठ झालंय.

आज भावजी म्हणाले, "वैनी, बारा वर्सं मी मागतो ते अण्णाच्या नावावर जातंय. पीक, पाणी, आयुष्य, समदं. माझ्या नावानं मी देवीकडं कायबी मागितलेलं न्हाई." आणि छातीवरून हात फिरवला. दोन वर्षांपूर्वी तिथं डॉक्टरांनी स्प्रिंग बसवलीय.

खरंच होतं ते.

१३ फेब्रु., गुरुवार. काठमांडू

पोचलो. थंडी. धूळ. वायरींची जाळी डोक्यावर. हॉटेलात गरम पाणी फक्त सकाळी. ल. आणि मी एका खोलीत. भावजी दुसऱ्या पुरुषांबरोबर.

एवढ्या लांब आले तरी झोपताना नेहमीसारखं उजव्या कुशीवर, दाराकडे तोंड करून. ल. म्हणाली, "अक्का, हितं कोण येणार हाय?" मी कूस बदलली नाही.

१४ फेब्रु., शुक्रवार

बुढानीलकंठला पाण्यात झोपलेला देव. मग बौद्धनाथचा मोठा पांढरा घुमट, वर डोळे रंगवलेले. लोक त्याच्याभोवती फिरत असतात, आम्हीही फिरलो.

फिरताना पुढे एक माणूस दिसला. पाठमोरा. शर्टाच्या कॉलरला मागून छत्री अडकवलेली.

आमच्याकडचे पुरुष छत्री अशीच नेतात, हात मोकळे राहतात म्हणून. इथं ना पाऊस ना ढग. या दिवसांत छत्री कोण बाळगतं? मी चार पावलं भराभर टाकली. मग मध्ये तिथल्या लाल वस्त्रांतल्या बुवांची रांग आली आणि तो गेला.

कुणाला सांगितलं नाही. असेल कुणी आपल्याच बाजूचा, दुसऱ्या टूरमधला. असणारच.

१५ फेब्रु., शनिवार

पाटण. लाकडी कोरीवकाम इतकं की मान दुखली. ल.नं मुलीसाठी पोवळ्याची माळ घेतली, मलाही एक घे म्हणाली, मी नको म्हटलं. ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली, मंगळसूत्राकडे. मग एकदम रडायला लागली. विचारलं तर "धूळ गेली डोळ्यात."

भावजी दुपारी आमच्याबरोबर नव्हते. टूरवाल्याला घेऊन कुठंतरी गेले होते. परत आले ते गंभीर तोंड करून. मला काहीतरी शिजतंय असं वाटतंय.

परतताना बसच्या खिडकीतून पुन्हा ती छत्री. सिग्नलपाशी, माणसांच्या घोळक्यात. बस सुटली.

भीती वाटते हे खरंच लिहायला हवं. हे येतील याची भीती वाटते. येणारच नाहीत याचीही वाटते. दोन्ही एकदम.

१६ फेब्रु., रविवार. शेवटचा दिवस. सकाळी, बसमध्ये

उद्या पहाटे परत निघायचं. आज सकाळी स्वयंभू, दुपारी पशुपती, मग संपलं.

स्वयंभूच्या पायऱ्या चढताना माकडांनी भावजींची केळी पळवली. सगळे हसले, भावजीही. वर गेल्यावर शहर खाली पसरलेलं, विटांच्या रंगाचं. टूरवाला बोट करून दाखवत होता, तो राजवाडा, तो विमानतळ. मी बघत होते आणि त्याच्या बोटाच्या खाली, कठड्यापाशी, छत्री.

या वेळी मी थांबले नाही. सरळ मागे गेले. तो घुमटाभोवती चालू लागला, मीही. तो तिथली प्रार्थनेची चाकं फिरवत नव्हता, नमस्कार करत नव्हता, नुसता चालत होता, ह्यांच्यासारखा, डावा खांदा किंचित पाडून. मी पळाले म्हटलं तरी चालेल. अंतर कमी होईना. एकदा त्यानं घसा खाकरला. तो खाकरा मी ओळखते. घरात शिरण्याआधी अंगणात खाकरायचे, बायकांना कळावं म्हणून.

"अहो," म्हटलं. वळून बघितलं नाही. कुठल्या तरी देवळीच्या मागे गेला आणि मागे गेले तर तिथं एक म्हातारी दिवे विकत बसलेली.

सगळे बसमध्ये माझी वाट बघत ताटकळलेले. टूरमधल्या एक मास्तरीणबाई म्हणाल्या, "कुठं हो गेला होता, फोटो काढायला?" मी हो म्हटलं. आत राग धुमसत होता. बारा वर्षं गायब, आणि आता परदेशात येऊन मला लहान पोरीसारखं गोल गोल फिरवायचं.

बस निघाल्यावर ल. शेजारी येऊन बसली आणि माझा हात धरला. "अक्का, मला आता ठेववंना पोटात." मग सगळं सांगितलं. आज पशुपतीच्या घाटावर ह्यांचा विधी करायचा ठरलाय. कुशाचा माणूस करून जाळायचा. गावाकडे तीनदा कौल लावला, तिन्ही वेळा देवीची पाकळी डावी पडली, देवी परवानगी देत नाही. म्हणून भावजींनी विचार केला की सातेरीची शीव लोंढ्याच्या अलीकडं संपते. इथं तिला कोण विचारतंय. परदेशात तिचं राज्य नाही.

म्हणजे टूर त्यासाठी. पशुपतिनाथ जन्मात एकदा, ते त्यासाठी.

भावजी दोन सीट पुढे, मान खाली घालून. त्यांना कळलंय की मला कळलंय.

आधी वाटलं बस थांबवावी. मग तो पाठमोरा खांदा आठवला, आणि म्हटलं, करा. जाळून टाका. मला वळून न बघणाऱ्या माणसासाठी मी किती दिवस उजव्या कुशीवर झोपायचं? भावजींच्या सीटजवळ जाऊन तेवढं सांगितलं, "माझी ना नाही." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या आलं नाही.

त्याच दिवशी, रात्री, हॉटेल

लिहायला नको असं वाटतंय, म्हणूनच लिहिते.

घाटाच्या खालच्या अंगाला, जिथं गर्दी कमी, तिथं दगडी ओट्यावर त्याला आडवा केला होता. कुशाचं अंग, पळसाची पानं दोऱ्यानं बांधलेली, डोक्याच्या जागी नारळ. अंगात शर्ट. ह्यांचा. पांढरा, अर्ध्या बाह्यांचा, कॉलर मागून विरलेली. माझ्या ट्रंकेतला. ल.नं कधी काढला मला पत्ता नाही. तिच्याकडे पाहिलं तर ती नदीकडे बघू लागली.

न्हाव्यानं आधी भावजींचं डोकं केलं, मग मिशा. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मिशा बघतेय. काढल्यावर भावजी तोंड पुसत माझ्याकडे वळले आणि मी एक पाऊल मागे सरले. ह्यांना मिशा नव्हत्या. दोघं भाऊ एवढे सारखे आहेत हे मला माहीत नव्हतं.

भटजी घाईत. मागे आणखी लोक थांबलेले. म्हणाला, "नाम बोलिए. पहले करनेवाले का, फिर जिनका करना है उनका."

भावजींनी डोळे मिटले, हात जोडले. मांडावर उभे राहतात तसेच उभे राहिले. आणि मांडावर येतं त्याच क्रमानं तोंडातून आलं. "गणपत." जरा थांबून, "सोमनाथ."

भटजीनं तसंच धरलं. करणारा गणपत. प्रेत सोमनाथ. मंत्रात नावं घालून म्हणायला लागला. प्रेत म्हणजे काय ते कळायला संस्कृत शिकावं लागत नाही. दोनदा म्हणाला, तीनदा म्हणाला. सोमनाथ प्रेत.

मला पहिल्याच वेळी कळलं होतं. एक शब्द पुरला असता. "उलटं झालं," एवढं म्हटलं असतं तर भटजीनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं असतं. ल.ला हिंदी येत नाही, मला येते. मी तोंड उघडलं नाही. का, तेही लिहिते. बसमधला राग त्या विरलेल्या कॉलरपाशी संपला होता. आणि असं चाललं होतं तोवर हे जिवंत होते. करणारा जिवंतच असतो.

भावजींनी फेरे घातले, खांद्यावर मडकं घेऊन. समोरच्या काठावर पायऱ्यांवर बघ्यांची गर्दी. त्यात तो होता. छत्री कॉलरला. या वेळीही पाठमोरा. भावजी इकडे फिरले की तोही तिकडे तेवढंच चालायचा. भावजी थांबले, तो थांबला. मग अग्नी दिला आणि धूर मध्ये आला. धूर सरल्यावर तिथं कुणी नव्हतं.

भटजीनं मला गळ्याकडे खूण केली, "माताजी, यह यहाँ." मी म्हटलं, आमच्यात गावी जाऊन काढतात. खोटं.

पशुपतीचं दर्शन बाहेरूनच. सुतकात आत कसं जाणार. एवढ्या लांब येऊन देव बघितलाच नाही.

रात्री जेवायला भावजींनी दोनदा भात मागून घेतला. "हलकं वाटूलालंय," म्हणाले.

१९ फेब्रु., बुधवार. गाडीत

तीन दिवसांचं सुतक, ते गाडीतच फिटणार. समोरच्या बाकावर भावजी झोपलेत. तोंड माझ्याकडे. मिशा नाहीत. मी पदर डोळ्यांवर ओढून बसलेय, तरी पदराच्या काठाखालून बघते. छाती वरखाली होतेय ना, ते बघते. भोपाळपासून हेच चाललंय.

ल.ला सांगावं? नवऱ्याच्या जिवाचं आहे, तिचा हक्क आहे. सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, तेव्हाच का बोलली न्हाईस?

चहा आला. भावजी उठले, घसा खाकरला. मी पदर वर करून बघितलं, भावजीच होते.

२१ फेब्रु., शुक्रवार. घरी

पोचलो. गावच्या बायका गळ्याकडे बघतात आणि मग दुसरीकडे. मी पौर्णिमा होऊ दे म्हणाले. कसली पौर्णिमा, कुणी विचारलं नाही. मला आदर देतात म्हणून, नाहीतर धरून काढलं असतं.

छत्री इथं कुठंच दिसली नाही. वाटेत नाही, लोंढ्याला नाही. तिथं जे झालं त्यानंतर एकदाही नाही. आता ते मागे लागलेले नाहीत याचंच भय वाटतंय. काम झालं म्हणून गेले असतील तर?

२७ फेब्रु., गुरुवार

भावजी कॅसलरॉकला जाऊन आले. ओट्यावर बसून हसत सांगत होते. चहावाला, आता म्हातारा झालाय, दिसत नाही धड. भावजींकडे बघून म्हणाला, "गणपत अण्णा, कवा आलास?" भावजी हसले, ल. हसली. मग कुणीच हसेना. भावजी म्हणाले, "मी बी व्हय म्हटलं. म्हाताऱ्याला कशाला दुखवायचं."

रात्रीचं जेवण ते नीट जेवत नाहीत, ल. सांगते. जिना चढताना थांबतात. डॉक्टरकडं चला म्हटलं तर, "शिमगा झाल्यावर."

देवी, मी तुझ्या शिवेबाहेर गप्प बसले. तुला ते चालतं का, तेवढं सांग. कौल लावायचं मात्र धाडस नाही.

५ मार्च, बुधवार

मांड सारवायला सुरुवात झाली. तरणी मंडळी ढोल तापवतात. गावकऱ्यांत आनंद आहे की यंदा सोमनाथ स्वतःच्या नावानं उभा राहणार. बारा वर्षांचं सुटलं. बाजारकुणंगहून भावजींचे मेहुणे येणार आहेत ऐकायला.

मी आज ठरवलं होतं की ल.ला सांगायचं. तिच्या दारापर्यंत गेले. ती भावजींच्या पायाला तेल लावत होती आणि दोघं कशावरून तरी भांडत होते, हळू आवाजात, नवराबायको भांडतात तसं. मी परत आले.

१२ मार्च, बुधवार

उद्या मांड.

दुपारी ल. पाण्याला गेली होती. भावजी आले. आत आले नाहीत, ओट्यावरच बसले. मी उंबऱ्यात.

मग म्हणाले, "वैनी, घाटावर मी काय बोललो ते तुमाला कळ्ळं हुतं, न्हवं?"

मी मान हलवली. नाही म्हणणं जमलं नाही.

"मला बी कळ्ळं. तोंडातनं गेल्या गेल्याच कळ्ळं. सवयीनं गेलं ते. परत घ्यावं म्हटलं, तर मग म्हणावं लागत हुतं की गणपत मेला. ते माझ्या तोंडातनं निघंना, वैनी. त्याच्यासाटनं तर गेलो हुतो एवढ्या लांब, आणि तेच निघंना. म्हटलं ऱ्हाऊ दे. मीच जातो."

मी रडले. ह्यांच्यासाठी इतक्या वर्षांत रडले नव्हते अशी रडले, आणि ते ह्यांच्यासाठी नव्हतं. म्हटलं, "भावजी, मी बोलायला हवं होतं. मी मुद्दाम गप्प बसले."

"ठाव हाय मला. तुमी समोरच हुता की." रागानं नाही म्हणाले. "दोघांनी बी त्यालाच राखला."

मग कामाचं बोलावं तसं बोलले. उद्या मांडावर उभं राहायचंय. स्वतःच्या नावानं घातलं तर देवीपुढं जळलेला माणूस उभा. अण्णाच्या वतीनं घातलं, तर गाव म्हणणार, मग तिकडं जाळलं कुणाला. आणि पुन्हा जन्मभर तेच.

"तुमी थोरल्या. तुमी म्हणाल त्या नावानं घालतो. उद्या सांगू नका, आत्ताच सांगा. लक्ष्मी यायच्या आत."

मी म्हटलं, चहा ठेवते. आत आले आणि ही वही घेतली.

सोमनाथ म्हटलं तर आज हे मंगळसूत्र काढून देवापुढं ठेवायचं, आणि तोंडानं म्हणायचं की ते मेले. मग उलटलेली नावं सुलटी होऊन कदाचित भावजी जगतील. गणपत म्हटलं तर सगळं आहे तसं.

दारातून दिसतात ते. पाठमोरे बसलेत. मिशा अजून नीट आलेल्या नाहीत. चहा उकळलाय. हे बिनसाखरेचा घ्यायचे, भावजींना दोन चमचे लागतात. अजून साखर घातलेली नाही.